सिस्टर मिळेपर्यंत तपासणीचा वार मागून घ्या

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका डोंगरी तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. गावाचं नाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात असा:

"सून गरोदर आहे, पहिलीच खेप. शेवटची पाळी २० ऑक्टोबरची. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांची (आरोग्य सेविकेची) बदली झाली त्याला आठ महिने झाले. शेजारच्या सिस्टरांकडे चार्ज आहे. त्या लसीकरणाला येतात, तेव्हा भेटल्या तर भेटल्या. जानेवारीत एकदाच तपासणी झाली. कार्डावर वजन आणि एचबी (हिमोग्लोबिन) ९.२ लिहिलंय, एक इंजेक्शन झालं, बाकी रकाने कोरे आहेत. लाल गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिनं सोडून दिल्या. उपकेंद्रात एक डॉक्टर बसतात, पण 'गरोदर बायका माझ्याकडे नाहीत' म्हणतात. मुलगा म्हणतो, कोल्हापुरात खासगीत नाव घालू. तिचं माहेर कागलचं. पण वाडीत आणखी सहाजणी गरोदर आहेत, त्यांचं काय? मी ग्रामपंचायत सदस्य आहे. सिस्टर मिळवायला कुणाकडं जाऊ?"

ताई, तुमच्या पत्रात दोन कामं एकात एक गुंतली आहेत. रिकामं पद भरणं हे जिल्हा परिषदेच्या भरतीचं आणि बदल्यांचं काम, त्याला महिने लागतात. सूनबाईंची तारीख येते २७ जुलै. त्यामुळे पदाची मागणी जरूर करा, पण जी गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी स्वतःच्या सहीनं उद्या देऊ शकतात ती आधी मागा. ती म्हणजे तुमच्या उपकेंद्रात गरोदर मातांच्या तपासणीचा ठरलेला वार.

ही मागणी वाजवी आहे का, हे हिशोबानं बघू. उपकेंद्राचा निकष मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला एक आणि डोंगरी भागात ३,००० ला एक असा आहे. तुमची आणि शेजारची अशी दोन उपकेंद्रं मिळून ६,५०० माणसं धरा. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी साधारण १५. म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास बाळंतपणं. गर्भपात वगैरे धरून आरोग्य खातं त्यात दहा टक्के मिळवतं, म्हणजे ११० गरोदरपणं. कोणत्याही एका महिन्यात नोंद झालेल्या बायका निघतील पन्नास-पंचावन्न. वजन, बीपी, एचबी, लघवी, पोट तपासणं आणि कार्ड भरणं नीट केलं तर एकीला वीस मिनिटं लागतात. सगळ्या मिळून महिन्याला अठरा तास. म्हणजे दोन्ही उपकेंद्रांत महिन्याचे दोन-दोन अर्धे दिवस ठरवून दिले तर एका सिस्टरलाही हे काम झेपतं.

मग आज का होत नाही? चार्ज असलेल्या सिस्टरांचे वार आधीच वाटलेले असतात. लसीकरण सत्रं, केंद्रातली बैठक, सर्वेक्षण, पोर्टलवरच्या नोंदी. तुमच्या गावाला त्या येतात त्या लसीकरणाच्या दिवशी, आणि रांग पोरांची असते. घाईत उरकलं जातं ते इंजेक्शन आणि वजन, कारण त्याचा आकडा वर कळवायचा असतो. वगळलं जातं ते बीपी आणि लघवी. ही वगळलेली दोनच कामं अशी आहेत की ज्यातून गरोदरपणातला वाढता रक्तदाब वेळेत सापडतो, आणि त्या आजाराला सुरुवातीला दुखणं-खुपणं काहीच नसतं. तुमच्या सुनेचे कोरे रकाने नेमके हेच असणार. कार्ड उघडून बघा.

उपकेंद्रातल्या त्या डॉक्टरांबद्दल. ते बहुधा समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ असावेत. तसं असेल तर त्यांचं उत्तर चूक आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रात ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत त्यांत गरोदरपण आणि बाळंतपणातली काळजी धरलेलीच आहे. पुरुष डॉक्टरांना संकोच वाटतो, बायकांनाही वाटतो, हे खरं. पण वजन, बीपी, बोटातलं रक्त आणि लघवीची पट्टी याला अंगावरचा पदर हलवावा लागत नाही. आशाताईंना शेजारी बसवा. पोटाची तपासणी सिस्टर किंवा केंद्रातले डॉक्टर करतील. सीएचओंनी नाही म्हटलं तर वाद घालू नका, 'तुमच्याकडे हे काम नाही असं लेखी द्या' एवढंच म्हणा.

आता सूनबाईंचं वेळापत्रक. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि त्यावरच्या सरकारी रुग्णालयांत. चौथा महिना लागल्यापुढच्या बायकांना तिथं डॉक्टर स्वतः तपासतात. ९ तारखेला रविवार किंवा सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. सुनेच्या तारखा यात फार चांगल्या बसतात: ९ मार्चला तिला बरोबर २० आठवडे होतात, ९ एप्रिलला २४ आठवडे ३ दिवस, ९ मे रोजी २८ आठवडे ५ दिवस, ९ जूनला ३३ आणि ९ जुलैला ३७ आठवडे उलटलेले असतात. सरकारी नियमातल्या किमान चार भेटी आहेत १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. पहिली कशीबशी झाली, बाकी तिन्ही या तारखांत येतात. अधल्यामधल्या तपासण्या उपकेंद्रातल्या वारी होतील. चार हा किमान आकडा आहे, पुरेसा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते, आणि एचबी ९.२ असलेल्या बाईला महिन्याला एक तरी हवीच.

एक काम मात्र ९ मार्चपर्यंत थांबवू नका: सोनोग्राफी. बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करायची असते. काही गंभीर दोष दिसलाच तर पुढचं ठरवायला वेळ हाताशी राहावा, म्हणून ही घाई. केंद्रातल्या डॉक्टरांकडून संदर्भ चिठ्ठी घ्या आणि ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी कोणत्या वारी होते ते फोन करून विचारूनच निघा. मशीन असतं आणि ते चालवणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, असं पुष्कळदा होतं. तिथं जमत नसेल तर सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची सोनोग्राफी आणि रक्त-लघवी तपासण्या मोफत आहेत. तेही लांबत असेल तर ही एक सोनोग्राफी खासगीत करा, त्या पैशाला किंमत आहे. दर महिन्याला खासगीत जाऊन बीपी मोजून घेण्याला तेवढी नाही.

खासगीत नाव घातलं तरी सरकारी कार्ड चालू ठेवा आणि खासगीतला प्रत्येक आकडा त्यावर उतरवून घ्या. रात्री-अपरात्री सीपीआरला न्यायची वेळ आली तर तिथले डॉक्टर आधी कार्ड बघतात. फाईल घरी राहिली असेल तर रक्तगटापासून सुरुवात होते.

एचबी ९.२ म्हणजे मध्यम रक्तक्षय. ११ च्या खाली रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. रक्तक्षय नसलेल्या बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी असते, १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. मध्यम रक्तक्षयाला रोज दोन. म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. केंद्रातून डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या आणि साठ मोजून घ्या, नाहीतर एक पट्टी हातावर ठेवली जाते आणि पुढची मिळेपर्यंत खंड पडतो. महिन्यानं एचबी पुन्हा करायचं. निदान १ ग्रॅमनं वाढलं नाही तर वाट बघत बसायचं नाही, वरच्या रुग्णालयात पाठवायला सांगायचं. गोळ्या नियमानं घेऊनही वाढ नसेल तर जंत किंवा थॅलेसेमियाचा अंश असू शकतो आणि त्याची वेगळी तपासणी असते. गोळ्या सोसतच नसतील तर शिरेतून लोह देता येतं, पण ते रुग्णालयातच.

मळमळीचं बघू. तिसरा महिना सरल्यावर ती बहुतेकींची कमी झालेली असते, त्यामुळे गोळ्या पुन्हा सुरू करायला हीच वेळ बरी. उपाशीपोटी नको. एक दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं, दुसरी रात्री झोपताना. कॅल्शियमच्या गोळ्याही दिवसाला दोन असतात, त्या सकाळी न्याहारीबरोबर आणि संध्याकाळी काही खाऊन. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. आपल्याकडे गोळी दुधाच्या पेल्याबरोबर द्यायची पद्धत आहे, आणि दूध म्हणजे कॅल्शियमच. पाण्याबरोबर द्या, वर लिंबू किंवा आवळा चालेल. चहा गोळीच्या तासभर अलीकडे-पलीकडे नको. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. घाबरून गोळ्या बंद करू नका. जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदाच द्यायची असते, ती दिली का ते कार्डावर बघा.

एचबीचा आकडाही डोळे झाकून मानू नका. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. नळीतला रंग जुळवून बघायच्या जुन्या पद्धतीत तर माणूस आणि उजेड बदलला की अर्धा-एक ग्रॅम इकडेतिकडे होतो. म्हणून दर महिन्याची तुलना एकाच ठिकाणच्या, शक्यतो एकाच पद्धतीच्या मोजणीशी करा.

९ मार्चला पोहोचल्यावर डॉक्टरांसमोर कार्ड धरून विचारायच्या गोष्टी: रक्तगट, एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ बी यांच्या तपासण्या झाल्यात का. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर २८ आठवड्यांना अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो, म्हणून हे मेपर्यंत लांबवायचं नाही. धनुर्वाताचं, म्हणजे टीडीचं दुसरं इंजेक्शन पहिल्यानंतर चार आठवड्यांनी असतं. ते राहिलंय, त्याच दिवशी घ्या, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आणि साखरेची तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत पिऊन टाकायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी असायची गरज नाही. १४० किंवा त्याच्या वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ही पहिल्या भेटीलाच व्हायला हवी होती. आता ९ मार्चला करा आणि ९ एप्रिलला पुन्हा; दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर लागतं, ते बसतंय. दोन तास बसावं लागतं म्हणून सकाळी लवकर जा. उशिरा गेलेल्या बायका परतीची एसटी चुकेल म्हणून रक्त न देताच उठतात, आणि कार्डावर 'ग्लुकोज दिले' एवढंच राहतं.

बीपी मोजताना बाईनं पाच मिनिटं पाठ टेकून बसलेलं असावं, लघवी करून आलेली असावी, दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर. चढ चढून आल्या-आल्या, ब्लाउजच्या बाहीवरून, बोलता-बोलता घेतलेला आकडा कामाचा नाही. १४०/९० किंवा वर आला तर थोडी विश्रांती देऊन पुन्हा मोजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. १६०/११० असेल तर १०८ बोलवायची. उपकेंद्रातलं यंत्र बंद असेल तर उपकेंद्राच्या अबंधित निधीतून (किरकोळ गरजांसाठीच्या मोकळ्या निधीतून) दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र घेता येतं, मनगटावरचं नको. तुम्ही सदस्य आहात, हा विषय तुम्हीच काढा. बॅटऱ्या संपल्या म्हणून कपाटात गेलेली यंत्रं कमी नाहीत.

मधल्या काळात डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके, तोंड-हातांवर सूज, झटका, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, पोटात जोराची कळ, बाळाची हालचाल मंदावणं यांतलं काही झालं तर ९ तारखेची वाट बघायची नाही.

बाळंतपण कुठं करायचं ते आत्ताच ठरवा, कारण तारीख ऐन पावसात आहे. २०१९ चा पूर ऑगस्टात आला, २०२१ चा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, पण तुमच्याकडचे बंधारे आणि ओढ्यांवरचे पूल त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. मग १०८ आली तरी पाण्याच्या पलीकडे उभी राहते. सुनेचं माहेर कागलचं आहे ही जमेची बाजू; तिथून कोल्हापूरला यायला पंचगंगा ओलांडावी लागत नाही. डोहाळजेवण झालं की जूनच्या अखेरीस तिला तिकडं सोडा. जायच्या आधी कार्ड आणि त्यावरचा आरसीएच क्रमांक (सरकारी पोर्टलवरचा तिचा नोंदणी क्रमांक) तिकडच्या आशाताईंना कळवा, म्हणजे ९ जुलैची तपासणी तिकडच्या केंद्रात होईल आणि नोंदही त्याच क्रमांकावर चढेल. माहेरी गेलेल्या बायका बहुतेक इथंच गळतात, सासरची आशा 'गेली' म्हणते आणि माहेरची 'आमच्याकडची नाही' म्हणते. तोवर एचबी ११ च्या जवळ आलं नसेल तर जिथं सिझर आणि रक्त दोन्ही चोवीस तास मिळतं तिथंच बाळंतपण करा. ही चौकशी 'सोय आहे' अशा उत्तरावर सोडू नका. भूलतज्ज्ञ रात्री असतात का, हे विचारा.

बाकीच्या सहाजणींपैकी ज्यांचं माहेर जवळ किंवा सुरक्षित नाही, त्यांच्यासाठी कोल्हापुरातले पाहुणे शोधताना घर कुठल्या भागात आहे तेही बघा. सुतारमळा किंवा व्हीनस कॉर्नरच्या आसपास नेऊन ठेवलं तर पुन्हा पाण्यातून हलवावं लागेल. पावसाळ्याआधी प्राथमिक केंद्रात, पुराच्या पाण्यानं तुटणाऱ्या गावांतल्या गरोदर मातांची यादी करायला लावा आणि जून ते सप्टेंबरात तारीख असणारीचं नाव त्यात आहे का ते स्वतः वाचा. आणि तुमच्या हद्दीत ऊसतोडीची टोळी अजून असेल तर त्यांच्या पालावरही आशाताईंना एक चक्कर मारायला सांगा. त्या बायका इथल्या लोकसंख्येत धरलेल्या नसतात, तपासणीचा हक्क मात्र त्यांनाही तेवढाच आहे.

आता अर्ज. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव करा आणि त्याच्या प्रतीसह प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर यांना. तिन्ही ठिकाणी पोच घ्या. 'सिस्टरची सोय व्हावी ही विनंती' असं लिहिलं तर 'पद रिक्त आहे, भरती झाल्यावर विचार करू' असं उत्तर येतं आणि प्रकरण मिटतं. त्याऐवजी असं लिहा:

"उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे पद रिक्त असून आमच्या वाडीत आज ७ गरोदर माता आहेत. पद भरेपर्यंत (१) अतिरिक्त कार्यभार असलेल्या आरोग्य सेविकेने महिन्याचा पहिला व तिसरा मंगळवार सकाळी ९ ते दुपारी १ या उपकेंद्रात गरोदर माता तपासणीसाठी द्यावा, तसा लेखी आदेश काढून उपकेंद्राच्या दारावर लावावा. (२) त्या दिवशी त्या रजेवर असल्यास पर्यायी व्यक्तीचे नाव आदेशात असावे. (३) इतर दिवशी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन व लघवी तपासणी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी करावी. (४) दर ९ तारखेला या गावातील मातांसाठी वाहनाची व्यवस्था करावी. (५) रिक्त पद भरण्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवून त्याची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी."

मंगळवार हे उदाहरण झालं. शेजारच्या सिस्टरांचे लसीकरणाचे वार आधी त्यांनाच विचारून मोकळा वार घाला. त्यांना विश्वासात न घेता अर्ज गेला तर तो त्यांच्याविरुद्धची तक्रार वाटतो, आणि दोन गावांचं ओझं ओढणारी बाईच तुमच्यापासून तुटते. सातजणींची नावं, शेवटची पाळी, अंदाजे तारीख, शेवटचं बीपी आणि एचबी असा तक्ता जोडा. कोरे रकाने कोरेच ठेवा.

तीस दिवसांत हालचाल झाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'सिस्टर का नाही' असा प्रश्न त्यात चालत नाही, कागद मागावे लागतात: उपकेंद्राची मंजूर आणि भरलेली पदं, अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशाची प्रत, गेल्या सहा महिन्यांचा त्या उपकेंद्राचा मंजूर फिरती कार्यक्रम (सिस्टर कोणत्या तारखेला कुठं जाणार याचं वेळापत्रक), आणि त्याच महिन्यांत तिथं तपासलेल्या गरोदर मातांची संख्या, नावं वगळून. फिरती कार्यक्रमातल्या तारखा तुमच्या सातजणींच्या कार्डांवरच्या तारखांशी जुळवा आणि तोच कागद घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा.